माया किती सोडायची?



सरांच्या स्मृतीतल्या या व्याख्यानमालेसाठी विषय कळवा असा निरोप आला, तेव्हा मी संयोजकांना मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाचे वेळापत्रक पाठवले आणि त्यातल्या तीन तासांवर खूण केली: मॅन्युफॅक्चरिंग, प्रोजेक्ट मॅनेजमेंट आणि इलेक्ट्रिकल मशिन्स. त्यांनी विचारले, "यातल्या नेमक्या कशावर बोलणार?" मी म्हटले, तिन्हींवर, माझ्या लेखी तो एकच विषय आहे. ते जरा थांबले आणि म्हणाले, "सरांना आवडले असते." मग मला मागे हटता येईना.

मागच्या रांगांत बसलेल्या मंडळींचे या विषयांबद्दलचे मत मला ठाऊक आहे. मॅन्युफॅक्चरिंग म्हणजे पाठांतर; लेथचे भाग, मिलिंगचे प्रकार, ओतकामातले दोष आकृत्यांसह. प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणजे गप्पा. आदल्या रात्री गाईड चाळले की पेपर निघतो. आणि इलेक्ट्रिकल मशिन्स तर दुसऱ्या ब्रँचचा विषय, आपल्या गळ्यात कशाला घातला म्हणत म्हणत सगळ्यात जास्त केट्या तिथेच लागतात.

हे विषय एकमेकांकडे पाठ करून का बसले, याला इतिहास आहे. पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ साली सुरू झाले, कारण सरकारच्या बांधकाम खात्याला कामावर देखरेख करणारी माणसे हवी होती. मुंबईत १८८७ साली व्हीजेटीआय निघाली तेव्हा डोळ्यांसमोर कापडगिरण्या होत्या. वीज त्यानंतरची. टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली १९१५ साली, आणि विजेवरची पहिली लोकल व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला धावली ३ फेब्रुवारी १९२५ रोजी. प्रोजेक्ट मॅनेजमेंट तर त्या मानाने कालपरवाचे. क्रिटिकल पाथची पद्धत १९५७च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या रासायनिक कारखान्यांसाठी तयार झाली, आणि पर्ट १९५८ साली तिथल्या नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी. ज्याला जशी गरज पडली तशी त्याने विद्या उभी केली, आणि अभ्यासक्रम करणाऱ्यांनी ती आली त्या क्रमाने कपाटात लावली. कपाटे उघडून आतले सामान एकमेकांशी ताडून पाहण्याचे काम कोणाकडेच सोपवले गेले नाही.

शिंपी कापड बेतताना शिवणीत थोडी माया सोडतो. कमी सोडली तर शिवण उसवते, जास्त सोडली तर कापड वाया जाते आणि सदरा आतून बोचतो. आपले हे तिन्ही विषय मुळात तेवढेच शिकवतात: माया किती सोडायची, कुठे सोडायची आणि कशाच्या भरवशावर सोडायची. पहिल्या दोन गोष्टी पुस्तकात आहेत. तिसरी क्वचितच असते, आणि मला मुख्यतः तिच्याबद्दल बोलायचे आहे.

सुरुवात वर्कशॉपपासून करू. पहिल्या वर्षाला फिटिंगचा जॉब असतो. माइल्ड स्टीलच्या पट्टीचे दोन तुकडे, एकाला खाच, दुसऱ्याला त्या खाचेत बसणारा दात. तुकडा व्हाइसमध्ये धरायचा, हॅकसॉने कापायचा, आधी खरखरीत कानस, मग बारीक कानस, मधूनमधून गुण्या लावून काटकोन बघायचा. शेवटी इन्स्ट्रक्टर दोन्ही तुकडे एकमेकांत सरकवतात आणि खिडकीच्या उजेडासमोर धरतात. सांध्यातून उजेड किती येतो त्यावर मार्क. सुरुवातीला दात खाचेत जातच नाही. मग पोरे हातोडीने ठोकतात, तो अडकतो, निघता निघत नाही. पुन्हा कानस. दोन हात जास्त पडले की दात सुळकन आत जातो आणि चारी बाजूंनी उजेड. घासून गेलेले लोखंड परत लावता येत नाही, हे त्या दिवशी कळते ते कुठल्याही पुस्तकाने कळत नाही.

आता तुमच्यातली बरीच मंडळी मागच्या बॅचचा जॉब घेतात, त्यावरचा नंबर घासून आपला ठोकतात, हेही मला माहीत आहे. ड्रॉइंगच्या शीटला जीटी मारायची आणि फिटिंगला जुना जॉब चमकवायचा. त्याबद्दल मी प्रवचन देणार नाही. फक्त एवढे सांगतो, की जर्नल छापून जे बुडते ते पुढे कधीतरी वाचून भरून काढता येते. हा उजेड मात्र एकदाच दाखवला जातो.

त्या उजेडाचा अर्थ असा, की नेमके ५० मिलिमीटर नावाची वस्तू कारखान्यात अस्तित्वात नसते. असते ती ५०च्या आसपास, आणि 'आसपास' म्हणजे किती, हे लिहून दिल्याशिवाय ड्रॉइंग पुरे होत नाही. आपल्या जिल्ह्यात उसाच्या रानात जी पाच हॉर्सपॉवरची मोटार दिसते, तिचेच घ्या. ३.७ किलोवॉट, चार पोल. प्रमाणित मापात तिच्या शाफ्टचे टोक २८ मिलिमीटरचे असते आणि त्यापुढे जे६ असे लिहिलेले असते. म्हणजे ९ मायक्रॉन मोठे चालेल, ४ मायक्रॉन लहान चालेल. सगळी मुभा, म्हणजे टॉलरन्स, १३ मायक्रॉनची. माणसाचा केस याच्या चौपट-पाचपट जाड भरतो. त्याच शाफ्टवर बेअरिंग बसते तिथला हिशेब आणखी मजेशीर. ३० मिलिमीटरच्या त्या जागी शाफ्ट बेअरिंगच्या भोकापेक्षा मुद्दाम किंचित जाड ठेवतात, म्हणून बेअरिंग तापवून किंवा दाबून चढवावे लागते. ते शाफ्टवर फिरता कामा नये. पण बेअरिंगचे बाहेरचे कडे ज्या झाकणात बसते तिथे मात्र जरा सैल. का? कारण मोटार चालू झाली की शाफ्ट तापतो आणि लांबतो. दोन बेअरिंगांमध्ये २०० मिलिमीटर अंतर असेल आणि शाफ्ट बॉडीपेक्षा ५० अंशांनी जास्त तापला, तर ०.१२ मिलिमीटर लांबी वाढते. दोन्ही बाजूंनी घट्ट आवळून टाकले तर ती लांबी जाणार कुठे? बेअरिंगच्या गोळ्यांवर. म्हणून एक बाजू पक्की आणि दुसरी सरकती ठेवायची. त्याच मोटारीत एका इंचाच्या आत एके ठिकाणी उणी माया आणि दुसरीकडे अधिक माया. ही मोटार आपल्याकडे मॅन्युफॅक्चरिंगच्या तासाला कधी येत नाही. तिचा तास वेगळा, मजला वेगळा.

सरांचा तो मजला. सर इलेक्ट्रिकल मशिन्स शिकवत, आणि त्यांच्या ओरलमधला एक प्रश्न वर्षानुवर्षे ठरलेला असे. सगळ्यांना ठाऊक असूनही तो चुकत असे. "स्टेटर आणि रोटर यांच्यातली एअर गॅप शून्य केली तर काय होईल?" मुलगा हुशार असला तर म्हणायचा, "सर, मॅग्नेटायझिंग करंट कमी होईल, पॉवर फॅक्टर सुधारेल." खरेच आहे. हवेतून फ्लक्स नेण्यासाठी जो करंट खर्ची पडतो तो वाचेल. सर मान डोलवायचे आणि विचारायचे, "आणि रोटर फिरेल कसा?" तिथे गाडी अडकायची. त्या प्रश्नात इलेक्ट्रिकलचे अर्धे आणि मेकॅनिकलचे अर्धे उत्तर होते, आणि आमच्या डोक्यात मधली भिंत पक्की होती. लहान मोटारीत ही गॅप अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असते. यापेक्षा कमी का नाही? बेअरिंग झिजणार आहे, शाफ्ट किंचित वाकणार आहे, स्टेटरचा गाळा आणि झाकणे यांच्यात काही मायक्रॉनांचा तिरपेपणा राहणार आहे. शिवाय रोटर एका बाजूला जरा सरकला की त्या बाजूची चुंबकी ओढ वाढते आणि तो आणखी सरकतो. एअर गॅप हा आकडा इलेक्ट्रिकलवाला कमी करू बघतो आणि लेथवाला वाढवू बघतो. दोघांची तडजोड म्हणजे ती मोटार.

त्याच मोटारीच्या नेमप्लेटवर वेग लिहिलेला असतो: १४४०. चार पोल, ५० हर्ट्झ, म्हणजे आतले चुंबकी क्षेत्र फिरते मिनिटाला १५०० वेळा. रोटर फिरतो १४४०. हे ६० फेरे कुठे गेले? सोडलेले आहेत. रोटर क्षेत्राच्या बरोबरीने फिरू लागला तर त्याच्या सळयांना क्षेत्र कापतच नाही, त्यांत करंट येत नाही, आणि करंट नाही तर ओढ नाही. मोटार मागे राहते म्हणून ओढते. या मागे राहण्याला स्लिप म्हणायचे, इथे ती ४ टक्के. आणि या मायेची किंमतही चोख आहे. एअर गॅप ओलांडून रोटरमध्ये जेवढी शक्ती जाते, तिचा स्लिपइतका हिस्सा रोटरमध्ये उष्णता होऊन जातो. स्लिप ४ टक्के तर ४ टक्के जळाले, स्लिप १० टक्के तर १० टक्के. आपल्या अभ्यासक्रमातली मला सगळ्यात देखणी वाटणारी गोष्ट ही. लोड वाढला की रोटर आपणहून थोडा आणखी मागे पडतो, करंट वाढतो, ओढ वाढते, आणि कोणी काही न सांगता नवा समतोल साधतो. उतारावर उलटे. मुंबईच्या लोकलमध्ये पूर्वी डीसी सिरीज मोटारी होत्या, नव्या गाड्यांत थ्री-फेज इंडक्शन मोटारी आल्या. ब्रेक लावताना इन्व्हर्टर क्षेत्राचा वेग रोटरपेक्षा कमी करतो, स्लिप उणी होते आणि तीच मोटार जनित्र होऊन वीज तारेत परत ढकलते. दादरला उभी राहणारी गाडी तिच्यामागून सुटणाऱ्या गाडीला वीज देऊ शकते, ती त्या उण्या बाजूच्या मायेमुळे.

आता तिसरा विषय. प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या पेपरात तुम्ही जाळे काढता, गोल आणि बाण, तुटक रेषेची डमी अ‍ॅक्टिव्हिटी, आणि प्रत्येक कामाचा फ्लोट काढता. फ्लोट म्हणजे ते काम किती दिवस मागे पडले तरी एकूण काम लांबणार नाही, ती मुभा. ज्या वाटेवर फ्लोट शून्य, ती क्रिटिकल पाथ. आठ मार्कांचे गणित, ते तुम्हाला येते. पण प्रत्यक्षात ते कसे दिसते, ते कोकण रेल्वेत पाहा. १९९० साली महामंडळ स्थापन झाले, पाच वर्षांत मार्ग करायचे ठरले. रोह्यापासून ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर, ९१ बोगदे. १९९३ पासून दोन्ही टोकांकडून तुकड्यातुकड्याने गाड्या सुरू झाल्या. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, पण कातळ असल्यामुळे तो मार्गी लागला. गोव्यातला पेडण्याचा बोगदा त्याच्या पाव लांबीचा. पण तिथे कातळ नव्हता, पाण्याने भरलेली मऊ माती होती, आणि खोदलेली जागा पुन्हापुन्हा ढासळत होती. शेवटी सगळा मार्ग एका पेडण्यासाठी थांबून राहिला, आणि पूर्ण लांबीवर गाडी धावायला २६ जानेवारी १९९८ उजाडली. क्रिटिकल पाथ सुरुवातीला कागदावर जिथे काढतो तिथे तो राहतोच असे नाही. ज्या कामाला आपण भरपूर फ्लोट आहे असे समजत होतो, त्याचा फ्लोट संपला की तेच काम क्रिटिकल होते. गोव्यातल्या मार्गावरून झालेला वाद हाही असाच एक फ्लोट खाणारा. त्याला बाणांच्या जाळ्यात गोल नव्हता.

इथपर्यंत मी तुम्हाला तीन ठिकाणची माया दाखवली. टॉलरन्स, स्लिप आणि फ्लोट. नुसते साम्य दाखवून मी थांबलो असतो तर ते शाळेच्या निबंधातले साम्य झाले असते. खरी गोम पुढे आहे.

एका शाफ्टवर चार भाग एकापाठोपाठ बसतात असे धरा, आणि प्रत्येकाची लांबी ०.१ मिलिमीटर इकडेतिकडे होऊ शकते. एकूण लांबीत किती फरक पडेल? घाबरट माणूस म्हणेल ०.४. चारही एकाच दिशेला चुकले तर तेवढा पडेलही. पण चारही भाग आपापल्या मशीनवर, आपापल्या कारणाने चुकत असतील, तर एक थोडा मोठा निघतो, दुसरा थोडा लहान, आणि ते एकमेकांना सांभाळून घेतात. तेव्हा वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचे. उत्तर ०.२. निम्मे. आता कंत्राटदाराच्या चार कामांकडे या. प्रत्येक कामात त्याने चार दिवस जास्तीचे धरले, एकूण सोळा. कामे एकमेकांशी संबंध न ठेवता मागेपुढे होत असतील तर त्याच सूत्राने आठ दिवस पुरतात. पर्टमध्ये तुम्ही क्रिटिकल पाथवरचे व्हेरियन्स बेरजेत घेता आणि मग वर्गमूळ काढता, ते हेच. एलियाहू गोल्डरॅट यांनी १९९७ साली 'क्रिटिकल चेन'मध्ये मांडलेले म्हणणेही या अंगाने जाते: प्रत्येक कामात गुपचूप दडवलेली सवलत काढून घ्या आणि शेवटी एकत्र ठेवा. दडवलेली सवलत माणूस खाऊन टाकतो. सबमिशनची तारीख आठ दिवस पुढे ढकलली तर फाईल कधी लिहिली जाते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

मॅन्युफॅक्चरिंगचे सर टॉलरन्सची बेरीज एका फळ्यावर करतात, प्रोजेक्टचे सर पर्टची बेरीज दुसऱ्या फळ्यावर. तेच वर्गमूळ. मुलांना ते दोन वेगवेगळे फॉर्म्युले म्हणून पाठ असतात. याला मी शिक्षणातला तोटा म्हणतो, आणि तो मोजता येत नाही म्हणून कोणाच्या अहवालात येत नाही.

पण हे निम्म्यावर येणारे उत्तर एका अटीवर उभे आहे. चुका स्वतंत्र असल्या पाहिजेत, एकीचा दुसरीशी संबंध नको. ही अट पुस्तकात असते, बहुधा 'समजा' या शब्दानंतर, आणि 'समजा' आपण वाचत नाही. लेथवरचे टूल झिजू लागले की त्या पाळीतला प्रत्येक शाफ्ट एकाच दिशेने जाड निघतो. तिथे कोणी कोणाला सांभाळून घेत नाही. शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला कोणत्याही फाउंड्रीत जुलैमध्ये विचारा. साच्याच्या वाळूत ओलावा तीन-चार टक्के हवा असतो. हवाच दमट, वाळू दमट, कोअर दमट. ओलावा जरा वर गेला की एकाच दिवसाच्या साच्यांत सगळीकडे ब्लो होल. कोकणात पाऊस सुरू झाला की एक काम थांबत नाही, मातीची सगळीच कामे थांबतात, आणि सोळा दिवसांच्या जागी आठ ठेवणारा शहाणा माणूस तोंडघशी पडतो. चुका जेव्हा एका कारणाने, एका वेळी, एका दिशेने होतात, तेव्हा सोडलेली माया एका फटक्यात संपते. कुठल्या चुका स्वतंत्र आणि कुठल्या एकत्र येणाऱ्या, हे ओळखणे म्हणजे इंजिनिअरिंग, बाकीचे कॅल्क्युलेटर करतो.

याचे मला सगळ्यात जवळचे उदाहरण आहे शेतातली डीपी. शंभर केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर धरा. खालच्या बाजूला ४३३ व्होल्ट, म्हणजे पूर्ण क्षमतेचा करंट सुमारे १३३ अँपिअर. पाच हॉर्सपॉवरची मोटार साडेसात अँपिअरच्या आसपास घेते. पंधरा मोटारी म्हणजे ११२. कागदावर जागा आहे. शिवाय डीपी बसवणाऱ्याने मनात धरलेले असते, की सगळे शेतकरी एकाच वेळी थोडेच पंप लावणार. कोणी सकाळी, कोणी दुपारी. यालाच डायव्हर्सिटी म्हणतात, आणि ती त्याच वर्गमूळाची सख्खी बहीण. आता वीज मिळते आठ तास, कधी दिवसा, कधी मध्यरात्री. रात्री एक वाजता उठून रानात कोण जाणार? म्हणून प्रत्येकाने ऑटो स्विच लावला. वीज आली की मोटार आपोआप सुरू. पंधरा शेतकऱ्यांचे पंधरा शहाणे निर्णय. वीज येते त्या क्षणाला पंधराही मोटारी एकदम उठतात, आणि उभी मोटार उठताना नेहमीच्या सहापट करंट घेते. ११२च्या जागी साडेसहाशेच्या वर. व्होल्टेज कोसळते. ४१५च्या जागी ३३० आले तर मोटारीची ओढ वर्गाच्या हिशेबाने कमी होते, ६३ टक्क्यांवर येते. मोटार वेग घेत नाही, स्लिप मोठी राहते, सहापट करंट क्षणभर राहायचा तो रेंगाळतो. वाइंडिंग तापते, डीपीचे तेल तापते. फ्यूजने उडायला हवे होते, पण मागच्या खेपेला ती उडाली म्हणून तिथे कोणीतरी जाड तार गुंडाळलेली असते. संकटासाठी ठेवलेली शेवटची माया ती, तीही गेली. नवी डीपी येईपर्यंत ऊस वाळतो.

यावर उपाय काय, हे इलेक्ट्रिकल मशिन्सच्या पुस्तकात शोधाल तर स्टार-डेल्टा स्टार्टर सापडेल, सुरुवातीचा करंट एक तृतीयांशावर येईल. चांगले आहे. पण सगळ्यात स्वस्त उपाय दुसऱ्याच पुस्तकात आहे. ऑटो स्विचमध्ये टायमर असतो. प्रत्येक मोटारीला वेगळा उशीर द्या, पहिली लगेच, दुसरी वीस सेकंदांनी, तिसरी चाळीस. पाच मिनिटांत सगळ्या चालू, आणि एका वेळी एकच उठते. प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये तुम्ही याला रिसोर्स लेव्हलिंग म्हणता आणि दोन क्रेन तीन कामांत वाटण्याचे गणित करता. फाउंड्रीवाल्यांना ते शिकवावे लागत नाही. इंडक्शन भट्टी म्हणजे एका अर्थी ट्रान्सफॉर्मरच: बाहेर पाण्याने थंड ठेवलेले तांब्याचे वेटोळे, आणि आत वितळणारे लोखंड हीच शॉर्ट केलेली दुसरी वाइंडिंग. दोन भट्ट्या एकदम पूर्ण जोरावर आल्या की वीजबिलातला मॅक्झिमम डिमांडचा आकडा उडी मारतो आणि महिनाभर नडतो. म्हणून तिथला सुपरवायझर एक भट्टी ओतायला आली की दुसरीला जोर देतो, साचे त्या क्रमाने तयार ठेवतो, आणि हे सगळे एका मळक्या वहीत लिहितो. त्या वहीच्या एका पानावर आपले तीनही विषय असतात. आपण मुलांना इंडस्ट्रियल व्हिजिटला नेतो, भट्टीसमोर ग्रुप फोटो काढतो आणि वही न बघता बस सुटते.

तर माझी एक सूचना आहे, विभागप्रमुख समोर आहेत म्हणून स्पष्टच मांडतो. तिसऱ्या वर्षाला तिन्ही विषयांचा मिळून एक जॉब ठेवा. जळालेली पाच हॉर्सपॉवरची मोटार पाच मुलांच्या गटाला द्या. त्यांनी ती उघडायची. आधी वाइंडिंगचा रंग बघायचा: तिन्ही फेज सारख्या काळ्या पडल्या असतील तर कमी व्होल्टेज किंवा जादा लोड, स्टार जोडणीत दोन काळ्या आणि एक ताजी, किंवा डेल्टात एकच काळी असेल तर एक फेज गेलेली असताना मोटार चालत राहिली. शाफ्ट मायक्रोमीटरने मोजायचा, रोटर कुठे घासल्याची खूण आहे का बघायचे. मग कामाचे जाळे काढायचे, आणि इथे खरी मजा आहे, कारण व्हार्निश सुकायला लागणारा वेळ कोणालाच कमी करता येत नाही आणि बेअरिंग दुकानात मिळेल की नाही हे सांगता येत नाही. जुनी वाइंडिंग काढताना घाई करून कोर फार तापवला तर पत्र्यांमधले आवरण जाते आणि मोटार कायमची जास्त वीज खाते. म्हणजे वेळेत वाचवलेले पुढे दहा वर्षे बिलात भरायचे. उद्यमनगरातला रिवाइंडिंग करणारा कारागीर एका दुपारसाठी बोलवा, त्याला मानधन द्या, आणि त्याच्या रजिस्टरवर सही प्राध्यापकांनी करावी.

अडचण मला माहीत आहे. टर्म वर्कचे मार्क कोणत्या विषयाच्या हेडखाली टाकायचे? तीन विषय, तीन परीक्षक, तीन रकाने. त्यावर मार्ग काढणे मला जमणार नाही, ते विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाचे काम. तोवर एका गटापुरते, मार्कांशिवाय, शनिवारी दुपारी सुरू करायला कोणाची परवानगी लागते असे मला वाटत नाही. मोटार मी देतो. माझ्याच विहिरीवरची आहे, गेल्या मार्चमध्ये जळाली, तेव्हापासून गोठ्यात पडून आहे. कशाने जळाली ते मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही. उघडून तुम्ही मला सांगायचे.